शनिवारची शाळा, मिशनची शाळा, आपली शाळा



हिवाळा आला की इस्राएलमध्ये पहिलीच्या वर्गाच्या रिशूमचे दिवस येतात. घरी नगरपालिकेचे पत्र येते आणि त्यात विचारलेले असते: ममलाख्ती की ममलाख्ती-दाती? आपल्या मुला-सुनांच्या घरात मग चर्चा सुरू होते. कोणी म्हणते जवळची शाळा बरी. कोणी म्हणते दाती शाळेत वर्ग लहान असतात, मुलांना शिस्त लागते. कोणी तिसऱ्याच शाळेचे नाव काढते, जिथे बस फुकट येते आणि दुपारी गरम जेवण मिळते. एखाद्या घरात पैसा असला तर फी भरून, परीक्षा देऊन प्रवेश घ्यावा लागतो अशा शाळेचाही विचार होतो. आजी-आजोबांना क्वचितच विचारतात. विचारले तर आम्ही सांगू की हा प्रश्न आपल्या समाजाला नवा नाही. गेली दोनशे वर्षे बेने इस्राएल आई-बाप याच प्रश्नापाशी येऊन थांबत आले आहेत. त्याचाच थोडा इतिहास येथे देतो.

कोकणात असताना शाळेचा प्रश्नच नव्हता. नवगाव, अलिबाग, रेवदंडा, पेण, पनवेल या भागांत आपले लोक घाणा चालवत. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावाने नाव ठेवले शनवार तेली. मुलगा बापाच्या हाताखाली धंदा शिकायचा, मुलगी आईच्या. हिब्रूतले श्मा तेवढे तोंडी राहिले होते. लिहिणे-वाचणे आले ते मुंबईत, पलटणीत आणि मिशनच्या शाळांत.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात आपली माणसे मुंबईला जाऊ लागली. समाजी हसाजी दिवेकरांनी १७९६ मध्ये पहिली मशीद बांधली, हे सर्वांना ठाऊक आहे. सिनेगॉगला आपण मशीद म्हणत होतो, हे नव्या पिढीसाठी सांगून ठेवतो. मात्र मशीद उभी राहिली तरी तिच्यात वाचणारे थोडे. हिब्रू येणारे शिक्षक कोचीनहून आले ते १८२६ च्या सुमारास आणि नंतर. तोपर्यंत मुलांच्या हाती पाटी-पुस्तक देणारे दुसरेच कोणी पुढे आले होते.

अमेरिकन मराठी मिशनचे पाद्री १८१३ मध्ये मुंबईत उतरले आणि थोड्याच वर्षांत त्यांनी मराठी शाळा उघडल्या. त्यांना शिक्षक हवे होते, आणि आपल्या लोकांतले जे थोडे शिकलेले होते त्यांना नोकरी हवी होती. त्यामुळे मिशनच्या शाळांत बेने इस्राएल मुले तर आलीच, बेने इस्राएल मास्तरही आले. मुंबईतच नव्हे, तर रेवदंड्याकडेही. १८२९ मध्ये स्कॉटिश मिशनचे डॉ. जॉन विल्सन आले. ज्यांच्या नावाचे कॉलेज आजही गिरगाव चौपाटीसमोर उभे आहे, तेच हे. त्यांनी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरण छापले. जरा थांबून याचा विचार करावा. मराठी बोलणाऱ्या यहुद्याला हिब्रूचे व्याकरण मराठीत समजावून सांगणारे पुस्तक एका ख्रिस्ती पाद्र्याने लिहिले. तनाखचे मराठी भाषांतरही आपल्या हाती प्रथम मिशनऱ्यांकडूनच आले.

पाद्र्यांचा हेतू उघड होता आणि त्यांनी तो कधी लपवला नाही. आपल्या वाडवडिलांनाही तो कळत होता. शाळेत फी नाही किंवा नावापुरती, पुस्तके मिळतात, इंग्रजी शिकवतात, आणि त्याबदली नव्या कराराचा तास बसून ऐकावा लागतो. बापांनी हिशेब केला आणि मुलांना पाठवले. हिशेब बरोबर ठरला असे म्हणावे लागेल, कारण बाटलेली माणसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, आणि शिकलेली माणसे शेकड्यांनी. त्या शिकलेल्या माणसांनीच पुढे प्रार्थनेची पुस्तके मराठीत आणली. १८४६ मध्ये मुंबईत पेसाहची हग्गादा मराठी अर्थासह निघाली आणि १८७४ मध्ये पुण्यात ती प्रसिद्ध सचित्र हग्गादा छापली गेली, जिच्यात आपल्या बायका लुगडी नेसून मात्झा करताना दिसतात. ती छापायला छापखाना लागला तसे ती वाचायला वाचकही लागले, आणि त्या वाचकांतले पुष्कळ मिशनच्या बाकांवर बसून अक्षर शिकले होते. आपल्याकडे काही मंडळींना ही गोष्ट बोलायला आवडत नाही. आम्हाला त्यात लाज वाटण्यासारखे काही दिसत नाही.

जोसेफ यहेज्केल राजपूरकर हे याचे ठळक उदाहरण. १८३४ चा जन्म, शिक्षण मिशनच्या शाळेत, आणि आयुष्यभर नोकरी बगदादी यहुद्यांच्या डेव्हिड ससून शाळेत मुख्याध्यापक म्हणून. आपल्या प्रार्थनांचे मराठी भाषांतर करण्यात त्यांनी आयुष्य घातले आणि मुंबई विद्यापीठात हिब्रूचे परीक्षकही झाले. म्हणजे मिशनमध्ये शिकलेला मुलगा यहुदी शाळेचा हेडमास्तर झाला आणि त्याने आपल्या लोकांना आपली उपासना समजेल अशा भाषेत दिली.

मग सरकारी शाळा होत्या. १८५४ च्या वुडच्या खलित्यानंतर सरकारने शिक्षणाची व्यवस्था बसवली. सरकारी शाळेत कोणत्याच धर्माचा पाठ नाही, आणि खासगी शाळेने ठराविक विषय नीट शिकवले व तपासणीस उतरली तर तिला अनुदान. पाद्र्याचा तास नको असलेल्या यहुदी बापाला सरकारी शाळा पसंत पडावी अशी होती. मात्र तिथे हिब्रूही नाही, आणि शनिवारी शाळा असते. मराठी शाळांत शनिवारी सकाळची शाळा भरते हे आमच्या वयाच्या सर्वांना आठवत असेल. ज्यांचे नावच शनिवारी काम न करण्यावरून पडले, त्यांच्या मुलांनी शनिवारी दप्तर घेऊन जायचे! कोणी मुलाला घरी ठेवी, मग सोमवारी त्याचे गणित मागे पडे. कोणी पाठवी आणि लिहू नकोस, नुसता बस असे बजावून पाठवी. पुष्कळांनी काही न बजावताच पाठवले. बाप स्वतः रेल्वेत, पोस्टात किंवा कस्टममध्ये शनिवारी हजेरी लावत होता. तो मुलाला काय सांगणार?

या अडचणीतून हायिम शमुएल केहिमकर आणि त्यांच्या भावांनी व मित्रांनी वाट काढली. १८७५ मध्ये मुंबईत इस्राएली स्कूल सुरू झाले. केहिमकरांचे नाव आपण त्यांच्या इतिहासग्रंथामुळे घेतो. तो त्यांनी १८९७ मध्ये लिहून पुरा केला, आणि ग्रंथ छापला गेला त्यांच्या निधनानंतर, १९३७ मध्ये, तोही तेल अवीवमध्ये. आमच्या मते मात्र त्यांचे मोठे काम म्हणजे शाळा. शाळा खासगी, समाजाची. हिब्रू आणि धर्मशिक्षण आहे, मराठी आहे, इंग्रजी आहे, शब्बाथला सुट्टी आहे. आधी प्राथमिक वर्ग, मग इंग्रजी वर्ग, आणि शतक संपण्याच्या आत हायस्कूल. मुलींनाही घेतले. लंडनच्या अँग्लो-ज्युइश असोसिएशनची मदत मिळू लागली, सरकारी अनुदान मिळाले, बाकी वर्गणी.

बाकी वर्गणी हे दोन शब्द लिहायला सोपे आहेत. आपला समाज कारकुनांचा, सुतारांचा, पलटणीतल्या सुभेदार-हवालदारांचा. बगदादी ससूनांसारखा कापसाचा आणि अफूचा व्यापार करून हवेल्या बांधणारा आपल्यात कोणी नव्हता. शाळा चालवायची म्हणजे दर महिन्याला मास्तरांचा पगार द्यायचा. मास्तरांना दुसरीकडे जास्त मिळत असे. समाजाच्या शाळेचे हे जुने दुखणे आहे: ज्यांना फी परवडते ते चांगल्या शाळेच्या शोधात बाहेर जातात, आणि ज्यांना परवडत नाही त्यांच्यासाठी शाळा चालवायला पैसा बाहेरून मागावा लागतो. शेवटी १९३० च्या दशकात शांघाय-हाँगकाँगचे बगदादी यहुदी सर एली कदूरी यांच्या देणगीने शाळा सावरली आणि माझगावच्या त्या शाळेला त्यांचे नाव मिळाले. जुन्या मंडळींच्या तोंडी ती इस्राएली स्कूलच राहिली.

या शाळेला खरा आकार दिला रिबेका रूबेन यांनी. १९२२ ते १९५० अशी अठ्ठावीस वर्षे त्या मुख्याध्यापिका होत्या. आता गंमत पाहा. समाजाच्या शाळेची सर्वांत मोठी मुख्याध्यापिका स्वतः समाजाच्या शाळेत शिकलेली नव्हती. त्या पुण्याच्या हुजूरपागेच्या. रानडे, भांडारकर आदी सुधारकांनी १८८४ मध्ये काढलेली, पेशव्यांच्या घोड्यांच्या पागेच्या जागेवर भरणारी ती मुलींची शाळा. डॉ. जेरूशा झिराड, ज्यांच्या हातून मुंबईत किती बाळे जन्मली याची गणती नाही आणि ज्यांना १९६६ मध्ये पद्मश्री मिळाली, त्याही हुजूरपागेच्याच. दोन यहुदी मुली ब्राह्मण मुलींबरोबर शिकल्या आणि परत आल्यावर समाजाच्याच कामाला लागल्या. नंतरच्या पिढीतले कवी निस्सीम इझिकेल भायखळ्याच्या कॅथलिक शाळेतून विल्सन कॉलेजात गेले. त्यांचे वडील त्याच कॉलेजात प्राध्यापक होते आणि आई स्वतःची शाळा चालवत असे.

तेव्हा समाजाच्या शाळेवाचून आपली माणसे आपली राहिली नसती, असे म्हणता येत नाही. पण कदूरी शाळा नसती तर काय झाले असते, हेही विचारले पाहिजे. माझगाव, डोंगरी, उमरखाडीच्या चाळींत राहणाऱ्या ज्या मुलांना हुजूरपागा माहीत नव्हती आणि कॉन्व्हेंटची फी परवडत नव्हती, त्यांना हिब्रू अक्षरे कुठे भेटली असती? ज्यांचे आई-बाप शिकलेले होते त्यांना कोणतीही शाळा चालली असती. ज्यांचे नव्हते त्यांना ही शाळा लागली. इतिहास लिहिणारे नावे मोजतात, म्हणून पहिल्या प्रकारची माणसे त्यांना दिसतात. दुसऱ्या प्रकारची माणसे म्हणजे आपणच, लोद आणि रामलेच्या, दिमोना आणि बेएर शेवाच्या घरांत राहणारे.

कोकणात राहिलेल्यांना हा पर्यायही नव्हता. तिथे लोकल बोर्डाची मराठी शाळा. चौथी-सातवीपर्यंत शिकून मुलगा मुंबईच्या मामाकडे किंवा काकाकडे. त्याबद्दल फारसे सांगण्यासारखे नाही, एवढेच की आपले मराठी चांगले राहिले ते या शाळांमुळे.

१९४८ नंतर आपण येऊ लागलो. येथे आल्यावर आपल्याला जो प्रश्न विचारला गेला तो मुंबईत कोणी विचारला नव्हता. १९४९ च्या कायद्याने शिक्षण सक्तीचे आणि मोफत झाले, पण तेव्हा शाळा चार प्रवाहांत वाटलेल्या होत्या: सामान्य, कामगारांचा, मिझराहीचा आणि अगुदात इस्राएलचा. प्रत्येक प्रवाहामागे पक्ष होता आणि ओलीमच्या छावण्यांत मुले आपल्याकडे ओढण्यासाठी भांडणे होत. त्यावर चौकशी समिती बसली, सरकारही अडचणीत आले. १९५३ मध्ये राज्य शिक्षण कायदा आला आणि प्रवाह जाऊन दोन प्रकारच्या सरकारी शाळा राहिल्या, ममलाख्ती आणि ममलाख्ती-दाती. अगुदाची व्यवस्था बाहेर, पण सरकारी पैशावर. म्हणजे या देशात धार्मिक शाळाही सरकारीच असते. मुंबईहून आलेल्या माणसाला हे समजायला वेळ लागला. त्याच्या डोक्यात सरकारी म्हणजे बिनधर्माची आणि धर्माची म्हणजे खासगी.

त्यातून दाती की लो दाती हा प्रश्न. आपल्या आयांनी काय उत्तर द्यायचे? त्या शुक्रवारी संध्याकाळी दिवा लावत, मटण-दूध एकत्र करत नसत, किप्पूरला दिवसभर मशिदीत बसत, एलियाहू हन्नाबीच्या नावाने मलिदा करत. शनिवारी बसने बहिणीकडेही जात. त्यांच्या लेखी त्या यहुदी होत्या, बस. उत्तर कधी शेजारणीने दिले, कधी सोखनूतच्या कारकुनाने, कधी अंतराने. वाडीपलीकडे एकच शाळा असेल तर तीच. एकाच घरात थोरला अलियात हानोआरच्या दाती वसतिगृहात आणि धाकटी ममलाख्ती शाळेत असेही पाहिले आहे. थोरल्याने सुट्टीत येऊन आईची भांडी तपासली की घरात रडारड.

दाती शाळांत आपल्या मुलांना तोरा, गेमारा, प्रार्थना सर्व मिळाले. मात्र मलिदा काय हे तिथल्या रब्बींना माहीत नव्हते, आणि माहीत करून घ्यायची इच्छा फार थोड्यांना होती. ममलाख्ती शाळेत मलिदाही नाही आणि गेमाराही नाही, तिथे बियालिक होता. दोन्हीकडे मुलाला एकच शब्द ऐकू आला, होदी. त्या वयाला तो शब्द कधी कौतुकाने यायचा आणि कधी दगडासारखा.

मग १९६२ आले. रब्बानूतने आदेश काढला की बेने इस्राएल मुला-मुलीचे लग्न लावण्याआधी पूर्वजांची चौकशी करावी, आईच्या बाजूने जमेल तितके मागे जाऊन. त्यातून पुढे काय झाले, १९६४ च्या उन्हाळ्यात यरुशलेममध्ये आपल्या लोकांनी ठिय्या कसा दिला, ऑगस्टमध्ये क्नेसेतने आपल्याला सर्व बाबतींत समान यहुदी म्हणून कसे मान्य केले आणि रब्बानूतने आदेशातले आपले नाव कसे काढले, हे आपल्या वाचकांना पाठ आहे. त्या दिवसांत घराघरांत शाळेचा प्रश्न पुन्हा निघाला, याची मात्र नोंद कुठे होत नाही. ज्या शाळेत मुलगा सकाळी शखारीत म्हणतो, त्याच शाळेतले रब्बी उद्या त्याच्या लग्नाला त्याच्या आजीच्या आजीचे नाव विचारणार असतील, तर त्या शाळेत का ठेवायचे? उलट बाजूने विचार करणारेही होते. मुलगा दाती शाळेत शिकला तर उद्या त्याच्याकडे कोणी बोट दाखवणार नाही, म्हणून त्याला तिथेच ठेवा. दोन्ही बापांना आपण नावे ठेवू शकत नाही.

धर्माच्या प्रश्नाने इतकी जागा घेतली की दुसरी गोष्ट आपल्या लक्षात उशिरा आली. त्या काळी आठवीपर्यंत शिक्षण मोफत आणि पुढे फी. आठवीच्या शेवटी सेकेर नावाची देशभर परीक्षा होई. तिच्या निकालावर मुलगा बग्रूतच्या शाळेत जाणार की धंदेशिक्षणाच्या, आणि फीत सवलत किती, हे ठरे. आशिया-आफ्रिकेतून आलेल्यांच्या मुलांसाठी पास होण्याची रेषा थोडी खाली आणली गेली, तिला नॉर्मा बेत म्हणत. सवलत चांगल्या हेतूने दिलेली होती. पण वर्गातल्या सर्वांना माहीत असे की कोण कोणत्या रेषेवर आले. आपली पुष्कळ मुले धंदेशिक्षणाच्या शाळांत गेली. सुतारकाम, फिटर, विजेचे काम. मुली शिवण आणि बालसंगोपन. ओआरटीचे नाव आपल्याला मुंबईतच ठाऊक झाले होते, १९६० च्या दशकात तिथेही त्यांनी केंद्र काढले होते. हाताचे काम हलके असे आम्ही कदापि म्हणणार नाही, आपल्या समाजाचे पोट त्यावर भरले आहे. पण ज्या मुलीला केमिस्ट्री आवडत होती तिला शिवणयंत्रापाशी बसवले गेले, आणि आई-बापांनी सही केली, कारण कागद हिब्रूत होता आणि शाळेतली बाई म्हणाली की हेच योग्य.

विकास-गावांचा प्रश्न आणखी वेगळा. यरुहाम १९५१ चे, दिमोना १९५५ चे. तिथे सरकारी शाळा होती, मोफत होती, कायद्याने तेल अवीवच्या शाळेइतकीच होती. पण शिक्षक टिकत नसत, अर्ध्या वर्षात बदलत. लष्करी सेवेतल्या एकोणीस-वीस वर्षांच्या मुली शिकवायला येत, त्यांतल्या काही फार चांगल्या होत्या आणि त्यांची नावे आपल्या लोकांना आजही आठवतात. हैफ्यातल्या रेआलीसारखी किंवा तेल अवीवच्या हर्झलिया जिम्नॅशियासारखी शाळा आपल्यासाठी चंद्रावर असल्यासारखी. १९६८ मध्ये क्नेसेतने सुधारणा मंजूर केली. सातवी ते नववीच्या मधल्या शाळा निघाल्या, वेगवेगळ्या वस्त्यांतली मुले एका वर्गात यावीत म्हणून त्यांना बसने नेऊ लागले. १९७८ मध्ये बारावीपर्यंतची फी गेली. आमच्या मते आपल्या समाजाला या देशात सर्वांत जास्त फायदा जर कशाचा झाला असेल तर या दोन निर्णयांचा. आज आपल्या घरांत जे इंजिनियर, नर्स, वकील, बँकेतले अधिकारी दिसतात त्यांतल्या बहुतेकांच्या मागे सरकारी शाळा आहे. आपण ते श्रेय मुलांच्या हुशारीला देतो. हुशारी आधीच्या पिढीतही होती.

गेल्या तीस-चाळीस वर्षांत चित्र पुन्हा बदलले. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून शासच्या शाळांचे जाळे पसरले. दिवसभराची शाळा, बस, गरम जेवण, पूर्वेकडच्या यहुद्यांबद्दल आदराची भाषा. दोघेही कामाला जाणाऱ्या आई-बापांना हे सोयीचे आहे यात शंका नाही. आम्हाला मात्र मिशनच्या शाळेची आठवण होते. फुकट पुस्तके घेताना वाडवडिलांनी जसा हिशेब केला तसा येथेही करावा: गणिताला आठवड्याला किती तास, इंग्रजी कोण शिकवते, आणि अठराव्या वर्षी मुलाच्या हाती बग्रूत येणार का. पाद्र्याच्या शाळेतून निदान इंग्रजी तरी हमखास येत होते.

दुसऱ्या टोकाला निवड करणाऱ्या शाळा आहेत, काही दाती, काही नसलेल्या. कागदावर त्या सरकारमान्य, पैसा बराचसा सरकारी, प्रवेश त्यांच्या हाती, वर आई-बापांकडून रक्कम. अशी शाळा कोणाला नको म्हणते हे पाहायला २००९ साल पुरेसे आहे. त्या वर्षी पेताह तिकवात काही खासगी दाती शाळांनी इथिओपियाच्या मुलांना प्रवेश नाकारला आणि देशभर गहजब झाला. त्याच सुमारास इम्मानुएलच्या मुलींच्या शाळेत अश्केनाझी आणि सेफारदी मुलींमध्ये आडपडदा घातल्याचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने भेदभाव ठरवला, आणि २०१० मध्ये निकाल न मानणाऱ्या आई-बापांना कैदेत पाठवले. १९६४ साली ठिय्यावर बसलेल्यांची नातवंडे आज त्या शाळांत अर्ज भरतात, आणि काहींना प्रवेश मिळतोही. मिळाल्यावर दारात कोण उभे राहिले हे विचारण्याची सवय त्यांनी सोडू नये असे आम्हाला वाटते.

सरकारी शाळेचे गुणगान करून थांबावे तर तेही खरे नाही. दक्षिणेतल्या काही गावांत आजही गणिताच्या पाच येहिदोतचा वर्ग भरण्याइतकी मुले जमत नाहीत, मग हुशार मुलगी चार येहिदोतवर समाधान मानते किंवा बस पकडून बेएर शेवाला जाते. आई-बाप तिच्यासाठी दुसरी शाळा शोधतात तर त्यांना स्वार्थी म्हणण्याचा अधिकार आम्हाला नाही. केहिमकरांनीही सरकारी शाळेत जे नव्हते त्यासाठीच स्वतःची शाळा काढली होती. फरक इतकाच की त्यांनी दार चाळीतल्या मुलांसाठी उघडे ठेवले.

आपल्या इतिहासाला सरकारी अभ्यासक्रमात जागा किती, हा वेगळा लेख होईल. २०१६ मध्ये कवी एरेझ बिटोन यांच्या समितीने सेफारदी व पूर्वेकडच्या यहुद्यांचा वारसा शाळांतून शिकवावा असा अहवाल दिला. पुस्तकांत तो कधी उतरेल तेव्हा उतरेल. सध्या आपल्या हाती आहे ती अवोदात शोराशीम. बार-बात मित्झ्वाच्या वयाची मुले आपल्या मुळांवर जो प्रकल्प करतात तो. ममलाख्ती आणि दाती, दोन्ही शाळांत तो असतो. नातवंडे वही घेऊन येतात आणि विचारतात: सबा, तुमच्या शाळेचे नाव काय होते? सव्ता, तू कितवीपर्यंत शिकलीस? कोणत्या भाषेत? माझगावच्या कदूरी शाळेत आज यहुदी मूल शोधूनही सापडणार नाही. आसपासच्या मुसलमान वस्तीतली मुले तिथे शिकतात. आपल्या वर्गणीने उभी राहिलेली शाळा आज त्यांच्या कामी येत आहे हे नातवंडांना सांगितले की ती वहीतून डोके वर काढतात.

तेव्हा एक विनंती. ज्यांच्याकडे इस्राएली स्कूल किंवा कदूरी शाळेची जुनी प्रमाणपत्रे, प्रगतिपुस्तके, वर्गाचे फोटो, रिबेकाबाईंची सही असलेले कागद असतील, किंवा कोकणातल्या मराठी शाळेचा दाखला असेल, त्यांनी त्याची प्रत संपादकांकडे पाठवावी. फोटोत कोण कोण आहे त्यांची नावे मागे पेन्सिलीने लिहावीत. येथल्या पहिल्या वर्षांतले सेकेरचे निकालपत्र किंवा वसतिगृहातून मुंबईला लिहिलेली पत्रे असल्यास तीही चालतील. मूळ कागद पाठवू नयेत, टपालात हरवतात.